कार्डावरचं बारावं नाव

माझं अक्षर फार चांगलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं ते मी हातानं लिहून केलंय, तोंडानं बोलून नाही.

बारामतीत एसटी स्टँडसमोरच्या बोळात माझा कॅसेटचा गाळा होता. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलेलं. लोक कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी घेऊन यायचे, मी ती भरून द्यायचो. भरून देणं म्हणजे एका डेकवर गाणं लावायचं, दुसऱ्यावर उतरवायचं, आवाजाचा काटा लाल पट्टीत जाऊ द्यायचा नाही आणि दोन गाण्यांच्या मधे उगाच शांतता सोडायची नाही. हे काय, कुणीही करतं. पण आतलं कार्ड, ज्यावर गाण्यांची नावं असतात, ते मी स्वतः लिहायचो, दोन रंगांत, पट्टी न लावता सरळ ओळीत. इंदापूर-भिगवणपासून लोक त्या कार्डासाठी यायचे. मला ग ची बाधा झालेली. ओल्या शाईला कुणाचं बोट लागलं की मी त्याच्या सात पिढ्या उद्धरायचो, मग तो गिऱ्हाईक का असेना. बायको म्हणायची, "गिऱ्हाइकं तुमाला देवानं दिलीत, तुमच्या तोंडानं न्हाय."

माझा एक दोस्त होता. आयटीआयला आम्ही एका बाकावर बसायचो. मी वायरमनकीला कंटाळून गाळा टाकला, तो एमआयडीसीत दुधाच्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन म्हणून चिकटला. आमच्याकडं आजोबांपर्यंत मेंढरं होती, मग जिरायत तुकडा. त्याच्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली, आणि वडील माळेगावला साखर कारखान्यात टाईम ऑफिसला, म्हणजे हजेरीला, क्लार्क. म्हणजे शिक्षणात ते घर आमच्या दोन पायऱ्या पुढं. वडलांना सगळे तात्या म्हणत, मीही. तात्या इस्त्रीच्या शर्टाशिवाय दारातसुद्धा उभे राहत नसत. मी गेलो की पहिला प्रश्न, "जेवलास का?" आणि मी त्यांच्याकडं पोटभर जेवायचो. तो मात्र आमच्या घरी कधी जेवला नाही. आम्ही कधी थांब म्हणालो नाही, त्यानं कधी विचारलं नाही. हे मला तेव्हाही दिसायचं, मी दुसरीकडं बघायचो.

त्याच्या कंपनीत पिशवीत दूध भरायचं नवं यंत्र आलं, आणि ते बसवायला एक जर्मन माणूस दीड महिना येऊन राहिला. उंच, लालबुंद, पोट कायम बिघडलेलं, कानाला वॉकमन. माझा दोस्त त्याच्या हाताखाली. जाताना त्यानं ह्याला स्क्रूड्रायव्हरचा एक सेट आणि तीन कॅसेटी दिल्या. स्क्रूड्रायव्हर चार दिवसांत कुणीतरी ढापले. कॅसेटी घेऊन हा माझ्याकडं आला.

"ऐक लगा. ह्यात गाणंच न्हाय."

खरंच नव्हतं. शब्द नाही, बाई नाही, बाप्या नाही. नुसता ठोका, एकसारखा, छातीत बसणारा. त्याच्यावर दोन सूर यायचे, जायचे, पुन्हा यायचे. मी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणालो, "पिठाची गिरण चालू ठिवून गिरणवाला जेवाय गेलाय." तो हसला नाही. त्यानं कॅसेट उलटून दुसरी बाजू लावली. मग रोज कामावरून सुटला की मोटारसायकल बोळात लावायची आणि तेच ऐकायचं. आठवड्यानं माझ्या लक्षात आलं, की मी कुणाच्या तरी आरत्या भरतोय आणि पाय मात्र त्या जर्मन ठोक्यावर हलतोय.

ह्याला हाऊस म्हणतात, टेक्नो म्हणतात, हे आम्हाला कार्डावरूनच कळलं. सांगणारं दुसरं होतं कोण? तिन्ही कॅसेटी एका माणसाच्या नव्हत्या. एकेकीत बारा तुकडे, बारा वेगळ्या माणसांचे, वेगवेगळ्या गावचे. कुणी डेट्रॉईटचा, कुणी बर्लिनचा, कुणी अशा गावचा की माझ्या शाळेच्या नकाशात सापडेना. आम्हाला कलेक्शन म्हणजे एका गायकाची गाजलेली बारा गाणी एवढंच ठाऊक. ही भानगड निराळी होती. ह्यातला एकही गाजलेला नव्हता. कुणीतरी, बहुतेक आमच्यासारख्याच एखाद्या गाळ्यात बसून, बारा न गाजलेल्यांना गोळा केलेलं आणि असं एकापाठोपाठ लावलेलं की एकाचा ठोका संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू. आणि कार्डावर प्रत्येकाचं नाव, सारख्याच आकाराच्या अक्षरात.

माझ्या दोस्ताला संगीताइतकंच त्या कार्डाचं वेड लागलं. "ह्यातलं कोणच कुणाला म्हाईत न्हाय. तरी नाव टाकलंय बघ परत्येकाचं." दुसऱ्या कॅसेटीत एका तुकड्यापुढं नावाच्या जागी नुसती आडवी रेघ होती. तो तिथं अडायचा. "ह्याचं का न्हाय टाकलं? ह्यानं कुणाचं काय घोडं मारलंय?" मी म्हणालो, विसरला असंल लिहिणारा. तो म्हणाला, "असं कसं इसरंल?"

मग त्यानं स्वतःचं एक केलं. घरचा टेपरेकॉर्डर डब्याच्या पिशवीत घालून कंपनीत नेला आणि त्या नव्या यंत्राचा आवाज भरून आणला. पिशवी भरली की ठप्, चिकटली की चिस्स. दहाच सेकंद. पुढचं काम माझ्या दोन डेकांवर. दुपारी गिऱ्हाईक नसताना आम्ही शटर अर्धं ओढायचो. ते दहा सेकंद इकडून तिकडं उतरवायचे, पॉज दाबायचं, कॅसेट मागं घ्यायची, नेमक्या ठोक्यावर पॉज सोडायचं, पुन्हा तेच. एक बोट चुकलं की पहिल्यापासून. सहा मिनिटांच्या तुकड्याला पंधरा दिवस लागले. वरनं चार सूर, एका बँडवाल्याकडून मागून आणलेल्या कीबोर्डवर.

शेवटच्या दिवशी व्होल्टेज पडलं. रब्बीचं पाणी सुरू झालेलं, दुपारी रानातल्या मोटारी एकदम चालू झाल्या की बोळातला बल्ब पिवळा व्हायचा. माझ्या नव्या डेकला स्टॅबिलायझर होता, जुन्याला नव्हता. जुन्याची चाकं मंदावली, ठोका जड झाला, सूर गुडघे टेकल्यासारखे खाली बसले, आणि नवा डेक ते सगळं इमानदारीत भरून घेत राहिला. दहा-बारा सेकंदांनी व्होल्टेज आलं तसं सगळं पुन्हा उठलं. मी कचकचीत शिवी हासडली, म्हटलं पंधरा दिवस पाण्यात. त्यानं कानावरचा हेडफोन काढला. "ऱ्हाऊ दे. ह्येच पायजे हुतं."

त्यानंतर मीच म्हणालो, आपण आपली एक काढू. तिन्ही कॅसेटींतले अकरा तुकडे निवडले, बारावा त्याचा. क्रमावरून चार दिवस भांडलो. तो म्हणत होता, माझा मधे कुठंतरी ढकल. मी म्हणालो, शेवटी टाकायचा, शेवटचं जे ऐकतात ते घेऊन माणसं घरी जातात. अकरा जणांची परवानगी कुणी घेतली होती? कुणी नाही. चोरीच ती, सरळसरळ. पण अकरा जणांची नावं मी भिंग लावून, एकेक अक्षर ताडून उतरवली होती. ज्यांचं तोंड कधी बघितलं नाही त्यांच्या नावातला एक काना-मात्रासुद्धा मी हलू दिला नाही, आणि हे मला पुढं फार जड गेलं.

तात्यांना हा सगळा रिकामटेकडेपणा वाटायचा. पोरानं सरकारी खात्याच्या परीक्षा द्याव्यात, साहेब व्हावं, एवढीच त्यांची आस. "यंत्राचा आवाज ऐकायचा तुला पगार मिळतो, मग तो घरी कशाला आणतोस?" असं म्हणायचे. माझ्या दोस्ताचं म्हणणं, तात्यांचा कानावर भरवसा नाही, कागदावर आहे. टाईम ऑफिसचा माणूस. बर्लिनवाल्याच्या खाली पोराचं नाव छापलेलं दिसलं तर ते मानतील.

"पुरं नाव टाक," तो मला म्हणाला. "माझं, तात्यांचं अन् आडनाव. कायबी गाळू नको."

"टाकतो की," मी म्हणालो. आणि टाकलं. मूळ कार्डावर बाराव्या ओळीत ते नाव असं देखणं आलं, की मीच दोनदा लांब धरून बघितलं.

चार दिवसांनी इंदापूरच्या एका कॉलेजच्या गॅदरिंगचा सेक्रेटरी आला. बागायतदाराच्या घरचा पोरगा, बोलायला गोड. नाचासाठी काहीतरी नवं पाहिजे म्हणाला. मी आमची कॅसेट लावली. बाराव्या तुकड्यात ठोका खाली बसून पुन्हा उठला तेव्हा त्यानं काउंटरवर थाप मारली. तीस कॅसेटी करा म्हणाला, एक स्टेजला, बाकी पोरांना वाटायला. मग त्यानं कार्ड हातात घेतलं, वरून खाली वाचत आला, आणि त्याचं बोट बाराव्या ओळीवर थांबलं. आडनावावर.

"ह्ये कोण?"

"दोस्त हाय आपला. हितलाच."

"बरं." मग चहाचा घोट घेऊन, "बाकीची समदी भायेरची नावं हायती न्हाय?"

"व्हय."

"बरं, बरं."

एवढंच. तो काढ म्हणाला नाही. वाईट शब्द बोलला नाही. चहा संपवून गेला. ही गोष्ट मी आजवर दोघा-तिघांना सांगितली, ती फिरवून सांगितली, की गिऱ्हाइकानं अट घातली आणि माझा नाइलाज झाला. साफ खोटं. त्या पोरानं नुसतं बोट ठेवलं होतं. पुढचं सगळं मी आपखुशीनं केलं.

दुसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात गेलो. मूळ कार्डाची आधी एकच प्रत काढली, त्याच्या नावासकट. मग पांढऱ्या कागदाची बारीक पट्टी कापली, तिच्यावर जर्मन वाटेल असं एक नाव लिहिलं, माझ्या मनानं रचलेलं, खाली बर्लिन, आणि ती पट्टी बाराव्या ओळीवर खळीनं चिकटवली. मग बाकीच्या प्रती काढल्या, तीस इंदापूरच्या आणि काही काउंटरला ठेवायला. हात थरथरला म्हणून सांगितलं असतं तर बरं दिसलं असतं. नाही थरथरला. उलट पट्टी सरळ बसली म्हणून समाधान वाटलं.

स्वतःची समजूत घालायला कारणं काय, ढीगभर असतात. परदेशी नावाला उठाव असतो. कॅसेट चालली तर त्याचाच फायदा. पुढच्या खेपेला टाकू. त्या जर्मनाच्या कॅसेटीतसुद्धा एकाचं नाव नव्हतंच की. खरं कारण ह्यातलं एकही नाही. मला भीती वाटली, की उद्या माझा गाळा 'त्यांच्यातला' म्हणून ओळखला जाईल. मेंढरांमागून चालत आलेल्या आमच्या घराला लोकांनी आत्ता कुठं खुर्ची द्यायला सुरुवात केली होती, आणि मला ती खुर्ची सोडवत नव्हती. आमच्या आज्याला लोक ओट्याच्या खाली बसवायचे, हे ऐकत मी मोठा झालो. तरी मी हे केलं. ह्याला काय म्हणावं ते मला अजून सुचत नाही, शिव्या मात्र सगळ्या सुचतात.

नाववाली एकुलती एक प्रत मी माझ्या दोस्ताला दिली. तो गाळ्यातच दोन पावलं नाचला. दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी सांगायला आला, डोळे नुसते चमकत होते. तात्यांनी म्हणे चष्मा लावला, कार्ड दोनदा वाचलं, आणि म्हणाले, "बापाचंही नाव घातलंस होय?" मग कॅसेट उचलून कपाटात ठेवली, सर्टिफिकेटांच्या फायलीशेजारी.

"ऐकली का?" मी विचारलं.

"न्हाय ऐकली. पर फायलीजवळ ठिवली लगा."

मी डेकचं हेड पुसायला घेतलं. ते पुसायची तेव्हा काही गरज नव्हती.

गॅदरिंग दुपारचं होतं. आम्ही दोघं त्याच्या मोटारसायकलवर इंदापूरला गेलो. कॅसेटींची पिशवी मी मांडीवर धरलेली, वाटेत दोनदा त्यानं पुढं टाकीवर ठेव म्हटलं तरी सोडली नाही. चोराच्या मनात चांदणं. तिथं पोचल्यावर पिशवी सरळ सेक्रेटरीच्या हातात दिली आणि ह्याला स्टेजच्या बाजूला ओढून नेलं.

बारावा तुकडा लागला. ठप्, चिस्स, ठप्, चिस्स. पोरं नाचायला लागली, आणि व्होल्टेज पडलेल्या जागी, कुणी सांगितलं नव्हतं, तरी अख्खा मांडव हळूहळू खाली बसत गेला. गुडघे वाकलेले, माना खाली. ठोका उठला तसा मांडव उठला. जर्मनीत कशाला मरायला व्होल्टेज पडतंय? पण ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. तीन वेळा लावायला लावलं. माझा दोस्त माझा दंड आवळून उभा होता, त्याची बोटं रुतत होती. मग म्हणाला, घसा कोरडा पडला, पाणी पिऊन येतो.

बराच वेळ आला नाही. आला तेव्हा तोंड धुतलेलं, कॉलर भिजलेली.

"कुठं हुतास?"

"पाणी पीत हुतो." मग म्हणाला, "चल, भिगवणवरनं जाऊ. आज मासं खायाचं."

वाकडी वाट होती, पण गेलो. रस्त्याकडंच्या एका खानावळीत बसलो. तो खूप बोलला, कंपनीतल्या साहेबाच्या नकला केल्या, मला हसवलं. माशाचा मधला जाड तुकडा काढून माझ्या ताटात टाकला. "काटं बघून खा." मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो, आणि त्यावर काही दिसेना, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. ह्याला काही कळलेलं नाही. मी दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या. पैसेही त्यानंच दिले.

पंधरा दिवसांनी, सकाळीच, तात्या माझ्या गाळ्यात आले. पहिल्यांदाच आलेले. शर्ट इस्त्रीचा, खिशाला पेन. मी उठायला लागलो तर म्हणाले, "बस रे, बस. कामातला माणूस तू." इंदापूरला त्यांची बहीण दिलेली होती, तिला दाखवायला एक कॅसेट हवी होती. "माझ्याजवळची देणार नाही मी कुणाला," म्हणाले आणि हसले. तात्यांना हसताना मी त्याआधी फार वेळा पाहिलं नव्हतं.

"संपल्या तात्या," मी म्हणालो.

"त्या काय मग?" त्यांनी काचेच्या कपाटाकडं बोट केलं. तीन उरलेल्या तिथं ओळीनं उभ्या होत्या.

मी काय करणार, दिली काढून. त्यांनी चष्मा लावला, कार्ड बाहेर काढलं आणि पहिल्या ओळीपासून वाचत आले. बाराव्या ओळीशी थांबले. पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले, हजेरीपत्रकात एखादा कामगार सापडत नसला की बघतात तसे. मग कार्ड घेऊन दारात उजेडाला गेले आणि नखाचं टोक बाराव्या ओळीच्या भोवती फिरवत राहिले. चिकटवलेल्या पट्टीची कड झेरॉक्सला उमटते. केसाएवढी बारीक करडी रेघ असते, बघणाऱ्यालाच दिसते. तात्यांनी उभ्या नोकरीत असे चिकटवलेले जन्माचे दाखले किती पकडले असतील.

"पट्टी लावलीय," ते म्हणाले.

मी काचेचं कपाट बंद केलं.

"कुणी लावायला सांगितली होती का?"

तेव्हा खोटं बोलता आलं असतं. सेक्रेटरीचं नाव पुढं करता आलं असतं. ते जिभेवर आलंही होतं.

"न्हाय," मी म्हणालो.

ते स्टुलावर बसले. चहा सांगू का विचारलं तर हातानंच नको म्हणाले. मग विचारलं, "माझ्याजवळ आहे तशी एकच काढलीस?"

"व्हय."

त्यांनी चष्मा घडी करून खिशात ठेवला, कॅसेट नीट बंद करून काउंटरवर ठेवली आणि गेले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा आले. पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली, त्यांच्या कपाटातली नावाची कॅसेट काढली.

"ही तुमची तुम्ही ठेवा. खोटा कागद मी घरात ठेवत नाही."

काल तू होतो, आज तुम्ही झालो. ह्यापेक्षा त्यांनी एक थोबाडीत मारली असती तर मी त्यांचे पाय धरले असते.

"त्याला सांगू नका," ते म्हणाले. "कपाटाची किल्ली माझ्याजवळ असते, त्याला कळायचं नाही. ह्या आनंदात त्यानं परीक्षेचा फॉर्म भरलाय. आणि ते दुसरं एक करायला बसलाय, ठोक्याचं. करू दे."

"न्हाय सांगत," मी म्हणालो.

आणि मला हायसं वाटलं. हे लिहायला सगळ्यात अवघड जातंय. तात्या बोळाच्या टोकाला पोचेपर्यंत मला हलकं हलकं वाटायला लागलं होतं, की चला, निदान त्याच्यासमोर उभं राहायची वेळ टळली. म्हातारा माझं पाप झाकून गेला आणि मी त्याला मनातल्या मनात धन्यवाद देत बसलो. कॅसेट मी काउंटरच्या ड्रॉवरमधे टाकली, तशीच गुंडाळलेली.

महिन्याभरानं माझा दोस्त दुसरा तुकडा घेऊन आला. भिगवण स्टेशनवर उभं राहून त्यानं मालगाडीचा आवाज भरला होता, डबे रुळांच्या सांध्यावरून जातानाचा. पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला. मी डोळे मिटून ऐकला, आणि ऐकता ऐकता ठरवलं, की ह्या वेळेला पट्टी नाही. इंदापूर घेवो न घेवो. गाळा चालो न चालो. तुकडा संपल्यावर मी कोरं कार्ड पुढं घेतलं, पेनाचं टोपण काढलं आणि त्याच्या देखत त्याचं नाव लिहायला लागलो. दोन अक्षरं झाली असतील, त्यानं माझं मनगट धरलं.

"आसू दे. कार्डावरल्या त्या जर्मनाचंच टाक."

मी मान वर केली नाही.

"पोरं त्यालाच वळखत्यात आता," तो म्हणाला. "त्याचं म्हणून ऐकत्यात. मधीच माझं कशाला?"

"तुला कवा कळलं?"

"इंदापुरात. पाण्याच्या टाकीपाशी एक पोरगं कार्ड वाचत हुतं."

म्हणजे भिगवणला माझ्या ताटात मासा वाढताना त्याला ठाऊक होतं. मी बोलायला तोंड उघडलं, चुकलं माझं, असं काहीतरी म्हणणार होतो. त्यानं बोलूच दिलं नाही.

"ते जाऊ दे. माझं एक काम कर. तात्यांना ह्यातलं कळू देऊ नको. त्यांच्याकडं नावाची हाय न्हवं, फायलीजवळ, तेवढी ऱ्हाऊ दे त्यांच्याकडं. कपाट उघडून बघत आसतील रोज."

ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागून होता. उघडला असता तर वर्तमानपत्राची ती गुंडाळी सगळ्यात वर होती.

"न्हाय सांगत," मी म्हणालो.

दोन अक्षरं लिहिलेलं कार्ड फाडलं. दुसरं घेतलं, आणि कधीच नसलेल्या त्या माणसाचं नाव त्याच्या देखत सरळ ओळीत लिहिलं. खाली बर्लिन लिहायचं मी विसरलो होतो. ते त्यानं सांगितलं.